भर तळ्यात वऱ्हाड

हॅलो?… कोण, हद्राताई?… अगं, तू होडीत असशील ना आत्ता?… काय?… थांब, एका दमात नको सांगूस… बंद पडलं म्हणजे? कुठे?… भर तळ्यात?

रोसमिनी नवरीच्या गादीवर बसली होती. नवरीला सजवणाऱ्या इंदो सोहरा तिच्या कपाळावर काळ्या रंगाची महिरप काढत होत्या. या महिरपीला वीस मिनिटं लागतात, आणि मध्येच नवरीने भुवई उडवली तर सगळं पुसून पहिल्यापासून. तेंपे तळ्याच्या पलीकडच्या काठाहून नवऱ्याचं वऱ्हाड निघालं होतं. फोनवर होती नवऱ्याची थोरली बहीण. आता वऱ्हाडाची होडी बंद पडली तर त्यात नवरी काय करणार, असं कुणीही म्हणेल. पण त्या होडीचं इंजिन हिच्याच हातचं होतं. वडील गेल्यापासून त्यांचं गॅरेज हीच चालवते. पाण्याच्या पंपाचं साधं इंजिन घेऊन तिने त्याला मोटरसायकलचा कार्बोरेटर बसवला, नको ते सगळं काढून टाकलं, आणि मागे लांब दांड्याचा पंखा जोडला. बाकीच्या मुली ठरलेल्या नवऱ्याला रुमाल देतात, हिने बेद्दूला हे इंजिन दिलं. ऑगस्टच्या शर्यतीत बेद्दू त्यावर पहिला आला, तेव्हापासून त्याचं डोकं ठिकाणावर नाही.

नाही इंदो, कपाळ हलवत नाहीये. नुसते ओठ हलताहेत… तुला नाही गं ताई. बोल. किती जण आहात?… अकरा. आणि नऊ परड्या… मग काय होणार, लग्नाला निघालात की बाजाराला?… बरं, बेद्दू काय करतोय?… रस्सी ओढतोय. कधीपासून?… मग बस म्हणावं आता. घामाघूम होऊन निकाहाला बसायचंय का त्याला?

नको, नको. फोन त्याच्या हातात नको देऊस. इंदो सोहरा माझ्या नाकासमोर बसल्यात. त्याचा आवाज माझ्या कानात गेला तर ब्रश टाकून घरी निघून जातील… मी तुला सांगते, तू त्याला सांग.

निकाह लागेपर्यंत नवऱ्याचा आवाज ऐकायचा नाही, हा इंदो सोहरांचा कायदा. दुसरा कायदा मोठ्या काकांचा: दहाच्या आत नवऱ्याने उंबरा ओलांडायचा. दहानंतरचा प्रहर वाईट. दहाची वेळ चुकली तर निकाह थेट रोजे संपल्यावर, म्हणजे दोन महिन्यांनी. काकांना हे स्थळ मुळात पसंत नव्हतं. तरंगत्या घरात राहणारी माणसं, आज इथे तर उद्या तिथे, असं ते चारचौघांत म्हणायचे. ते आत्ता बाहेरच्या दारात उभे राहून घड्याळ बघत होते. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि तळ्याच्या मध्यापासून इथवर वीस मिनिटं तरी लागतात.

ताई, ऐक ना. बंद कसं पडलं?… तसं नाही गं. एकदम गप झालं, की आधी खोकलं?… विचार त्याला… हं… मिसिंग मारत होतं. मग?… धूर कसला, काळा की पांढरा?… नीट आठव… काळा. बरं.

पंख्यात जलपर्णी अडकली असेल तर बघ. दांडा उचलायला सांग… उचलला?… काही नाही? मुळं, दोरी, काहीच?… ठीक. आता दांडा वरच ठेवून एकदा रस्सी ओढू दे. सावकाश. आणि विचार, ओढताना हाताला जोर लागतो का, मध्येच अडखळल्यासारखं?… लागतो? नक्की?… चला. म्हणजे पिस्टन जागेवर आहे. माझा अर्धा जीव परत आला, सांग त्याला.

…काय म्हणतोय?… दोरी? कुणाची दोरी?… ला पाबेच्या होडीला बांधून ओढून घ्यायचं?

ताई, हे ऐक आणि शब्दन् शब्द त्याला सांग. ऑगस्टमध्ये ज्याला हरवलं, त्याच्याच होडीमागे म्हशीसारखा बांधलेला नवरा माझ्या दारात नको. मोठे काका घाटावर उभे राहणार आहेत, सगळी आळी जमलीये. पोरीच्या हातचं इंजिन लग्नातच मेलं, असं जन्मभर ऐकावं लागेल मला. आणि त्यालाही… काय म्हणाला?… तोही तेच म्हणत होता? मग दोरीचं कोण म्हणालं?… अच्छा, मामा. मामांना म्हणावं, तुम्ही पान खा.

हो इंदो. झालंच. कामाचं बोलतेय… नाही, त्याच्याशी नाही बोलत. त्याच्या बहिणीशी बोलतेय. त्याला कुठे काय मनाई आहे?

बरं ताई, आता खरं सांगायला सांग. त्याने कार्बोरेटरला हात लावला होता का?… शपथ घ्यायला सांग… बघ. बघ, कसा गप्प बसला. किती फिरवला स्क्रू?… अर्धा आटा. का, तर जोरात येऊन दाखवायचं होतं. अरे देवा, काय माणूस आहे… नाही, हे नको सांगूस. अर्ध्या आट्याने इंजिन मरत नाही. पण पुन्हा हात लावलास तर लग्नानंतर तुझे हात बांधून ठेवीन, एवढं सांग… हसतोय का?… हसू दे. हसला की त्याचं डोकं चालतं.

बाकाखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. त्यात प्लगचा पाना… तोच, निळी पट्टी गुंडाळलेला. मी ठेवलाय. प्लग काढू दे. थांब, त्याआधी पेट्रोलचा कॉक बंद. आणि मामा विडी ओढताहेत का?… मग विझवायला सांग. अगं लाजतेस काय, मामा असले म्हणून काय पेट्रोल भडकायचं थांबतं?

निघाला?… रंग सांग. चहासारखा, की काळा?… काळा. आणि ओला?… हाताला पेट्रोलचा वास?… हं.

रोसमिनीने डोळे मिटले. वडील गॅरेजमध्ये असेच डोळे मिटून बसायचे आणि इंजिनाशी नाही, इंजिनाच्या मालकाशी बोलायचे. इंजिन खोटं बोलत नाही, मालक बोलतो, असं त्यांचं म्हणणं.

ताई, ऐक. पेट्रोल पोचतंय, पण त्याला श्वास मिळत नाहीये. नाक दाबल्यावर घास जाईल का कुणाला? तसं झालंय. कार्बोरेटरला पुढून पितळेचं तोंड आहे ना, भोंग्यासारखं… हो, उघडंच आहे. त्यावर जाळी होती, फिल्टर होता, मीच काढलाय. वाऱ्याला आडकाठी नको म्हणून. त्यात आत बघ. मोबाइलचा उजेड पाड… नाही, फोन कानाचा काढू नकोस, मामांचा घे… काय दिसतंय?

…पांढरं?

…मऊ? बोटाला काय लागलं?… हुंगून बघ.

…लाह्या?

ताई, भाताच्या लाह्या?… काल मेंदीच्या रात्री उधळल्या त्या?… पण त्या इंजिनात कशा गेल्या? त्या तर बेद्दूच्या डोक्यावर टाकतात… निघताना कुणी टाकल्या? कोण म्हणालं?… ताई, बोल ना. कोण रडतंय मागे?

मग ताईने सगळं सांगितलं. होडी सोडताना बेद्दूच्या आईने मुलाच्या डोक्यावरून लाह्या उधळल्या होत्या. मग उरलेली मूठ घेऊन ती इंजिनापाशी गेली, आणि चालू इंजिनाच्या त्या पितळी तोंडात तिने अर्धी मूठ घातली, हळूच, लहान मुलाला भरवतात तशी. सून अजून घरात यायची होती, पण सुनेच्या हातचं इंजिन आधीच आलं होतं. त्याला तोंड गोड केल्याशिवाय कसं न्यायचं, असं तिला वाटलं. तोंड उघडं होतं, तिने घास घातला. आता अकरा माणसं तिच्याकडे बघत होती, आणि ती परडीवर डोकं टेकून रडत होती.

ताई, आधी मामांना गप्प कर… मला ऐकू येतंय ते काय बोलताहेत. वाईट शकुन वगैरे काही नाही. फोन त्यांच्या कानाला लाव हवं तर, मीच सांगते… बरं, नको. काकूंना दे. हो, काकूंना.

हॅलो, काकू… नाही, नाही. रडू नका… काकू, ऐका ना माझं… चूक तुमची नाही हो. शर्यतीसाठी मी त्याचं तोंड उघडं ठेवलं. वऱ्हाडाला निघताना फिल्टर लावून द्यायला हवा होता. माझे वडील असते तर माझा कान पिळला असता… इथे कुणाला कळणार आहे? प्लग ओला झाला होता, बस. मीही तेच सांगणार… नाही, खरंच नाही रागावले. आजवर माझ्या इंजिनाला कुणी शिव्या घातल्या, कुणी लाथा घातल्या. घास कुणी घातला नव्हता…

हे बोलताना तिच्या गालावरून थेंब ओघळला. इंदो सोहरांनी ब्रश उचलून धरला.

आई, आता डोळे पुसा. हो, आई म्हणाले. तासाभराने म्हणायचंच आहे. तुमच्या परडीत बारोंगको आहे ना? केळ्याची पानातली पुडी. तिला टोचलेली काडी काढा… माझ्याकडच्या बायका पुड्या मोजतील? मोजू देत. एक मी खाल्ली म्हणून सांगेन. ती काडी बेद्दूला द्या आणि फोन ताईला.

ताई, त्याला सांग, बोटाने मोठ्या लाह्या काढ. मग पितळी तोंडाच्या खालच्या कडेला दोन बारीक भोकं दिसतील, हवेची. त्यात तो चिखल झालाय. काडीने हलकेच… जोर नको, खरवडलं तर जन्मात नीट व्हायचं नाही… निघाला? फुंकर मार म्हणावं. दुसऱ्यात… हं. प्लग पुसून कोरडा कर. नेसलेल्या सारोंगला? खुशाल पूस. काळा डाग पडला तर मला कळेल, हाच माझा नवरा. आता प्लग बाहेरच ठेवून पाच-सहा वेळा रस्सी ओढायची, आतलं पेट्रोल उडून जाईल… झालं? लाव प्लग. कॉक उघड. स्क्रू अर्धा आटा मागे घ्यायला सांग. मला माहितीये, तो विसरला असेल.

किती वाजले इंदो?… साडेनऊ.

ताई, फोन इंजिनाजवळ धर… ओढू दे.

…नाही. पुन्हा.

…पुन्हा. थोडा वेळ थांबून.

मोठे काका बाहेरून आत आले.

ऐकतेय… हं, लागलं. गॅस सोडू नकोस म्हणावं… खोकतंय, खोकू दे, घशातलं निघतंय… आता कमी कर… अजून थोडं… बस. बस. हाच. हाच आवाज… ताई, आईंना सांग, उरलेल्या लाह्या टाकू नका. मूठभर माझ्यासाठी ठेवा, मला त्यांच्याच हातून… हॅलो?… ताई?… हॅलो?

फोन कट झाला. मोठ्या काकांनी विचारलं, “बंद पडलं?”

“नाही काका, निघाले,” रोसमिनी म्हणाली.

“झालं काय होतं?”

“काही नाही. प्लग ओला झाला होता. चूक माझी.”

काका घाटाकडे निघाले. इंदो सोहरांनी ओला कापूस घेतला. गालावरून ओघळ आले होते, भुवई कधीच हलली होती, आणि महिरपीची डावी बाजू पार बिघडली होती.

“पुसा इंदो,” ती म्हणाली. “पहिल्यापासून काढा. वीस मिनिटं आहेत.”