मामा नावाचं फोल्डर

(येरमाळा. बुद्धघोषमामांच्या माडीवरची खोली. भाचरं श्रावस्ती आणि अमरदीप लॅपटॉपपुढं, मामा चहाचे कप घेऊन दारात.)

मामा: सरक जरा. हे काय लिवलंय? मामा? माझं नाव तिथं काय करायलंय?

अमरदीप: काय न्हाय मामा, फोल्डर हाय. काढूनच टाकायलो होतो.

श्रावस्ती: अमऱ्या, गप. मामा, बसा तुम्ही. कॉलेजच्या बसचं ॲप करतोय न्हवं आपण, त्याच्या ह्या चार जागा. काम एकच, पण चार ठिकाणी मांडलेलं. घरात चार चुली असल्या की एकीवर भाकरी, एकीवर दूध. दूध तापवायचं म्हणून तवा उतरवावा लागत न्हाय.

मामा: मंग चुलींना नावं कशाला?

श्रावस्ती: आधी ह्यानं दिली होती. 'नवं', 'नवं दोन', 'खरं नवं' अन् 'आता हेच'. एक दिवस 'खरं नवं' समजून 'आता हेच'मधी हात घातला, अन् नकाशात बस येडशीच्या रुळावर उभी दिसायला लागली.

अमरदीप: पोरींच्या आयांचे फोन आले. एकीनं तर स्टेशन मास्तरला विचारलं.

श्रावस्ती: मग ठरवलं, घरच्या माणसांची नावं द्यायची. त्यात कुणाची गफलत होत न्हाय. 'आई' म्हंजी चालू ॲप, विचारल्याशिवाय हात लावायचा न्हाय. 'आत्या' म्हंजी तातडीची दुरुस्ती. न सांगता येती, सगळं नीट करती, दोन शब्द सुनावती अन् जाती. 'अमऱ्या'त काय बी मोडा, कुणाला फरक पडत न्हाय.

अमरदीप: हे नाव तिनं दिलंय, म्या न्हाय.

मामा: अन् मामा?

श्रावस्ती: चहा गार व्हायलाय.

मामा: श्रावस्ती.

श्रावस्ती: निवांत चाललेलं काम, मामा.

मामा: अमरदीप, तू सांग. तुला खोटं जमत न्हाय.

अमरदीप: सुरू लई जोरात व्हतं, अन् मंग... ह्या खोलीला गिलावा कवा व्हणार हाय, मामा?

मामा: सिमिट महागलंय.

अमरदीप: अन् खालची स्कूटर?

मामा: पार्ट मिळंना. बरं, कळलं मला. पुढं बोल.

श्रावस्ती: मामा, त्या फोल्डरात तुमचाच आवाज हाय. जयंतीला माईकवर तुम्हीच बोलता, म्हणून बसच्या थांब्यांची नावं तुमच्याकडून घेतली. येडशीपर्यंत आलात अन् 'चहा पिऊन येतो' म्हणून उठलात. पाडव्याला. बस अजून येडशीलाच हाय.

अमरदीप: उद्या कॉलेजात दाखवायचंय. म्हणून म्हणलं, हे काढू अन् मशीनचा आवाज घालू. ती बाई 'येर-माला' म्हणती, पण पुरं तरी म्हणती.

मामा: येर-माला?

श्रावस्ती: मला न्हाय पाहिजे ती बाई. मीच ह्याचा हात धरून बसलेय. एकच गाव राहिलंय मामा, अन् तेही आपलंच. का बोलंनात तुम्ही?

मामा: बोललो असतो. पण अमऱ्या म्हणला हुता, हे पुरं झालं की पुण्याला जायचं. मंग ह्या खोलीत कोण? नेट राहील, माणूस न्हाय. लई वाईट वाटलं. म्हणलं, एक गाव राहू द्यावं.

अमरदीप: ते म्या रागात म्हणलं हुतं, मामा. हिनं त्या फोल्डरला माझं नाव दिलं, त्या दिवशी.

श्रावस्ती: कुठं जात न्हाय आम्ही. कॉलेजवाले भूमची बस बी सुरू करायलेत. ते काम आपल्यालाच आलंय.

मामा: हे आधी सांगायचं न्हवं का? आण तो फोन. पंखा बंद कर. कप वाजवू नको, अमऱ्या... पुढचा थांबा, येरमाळा. सावकाश उतरा. घरी वाट बघायलेत.

श्रावस्ती: 'घरी वाट बघायलेत' आपल्या ठरलेल्यात न्हवतं.

मामा: मंग काढ.

श्रावस्ती: राहू द्या.

अमरदीप: झालं. 'आई'त मिसळलं. आता हे 'मामा' फोल्डर काढतो.

मामा: पुरं झालं तरी काढायचं?

अमरदीप: पुरं झाल्यावरच काढतेत. तुमचा आवाज 'आई'त गेला, तो कुठं जात न्हाय. रिकामी चूल ठिवून काय करायचं?

मामा: म्हंजी पुरं केलं की नाव जातंय. अन् मला सगळे इतकी वर्षं उगंच बोलायलेत.

श्रावस्ती: भूमच्या बसला नवं फोल्डर लागंल. नाव काय देऊ?

मामा: मामाच दे. पर एक सांग, ती बस येरमाळ्यावरनंच जाती न्हवं?

श्रावस्ती: व्हय.

मामा: मंग निम्मं झालंच की. राह्यलेलं चहा पिऊन.