पंतोजीनं मले राणी केलं

आमी मूळचे बार्शीटाकळीचे, कास्तकार लोक. मले एक लहान भाऊ होता, गणू त्याचं नाव, तो तापानं गेला अन तवापासून माया बापानं घरात त्याचं नाव काढलं नाही. रडलाबी नाही. माय रडे, बाप उठून वावरात जाये.

ते दिवस कापसाचे होते. काय सांगू तुमाले, समुद्रापल्याड कोण्या मुलखात लढाई जुंपली म्हणत अन भाव चढला आमच्या बोंडाले! लोकायनं ज्वारी सोडून कापूस पेरला, अमरावतीच्या वाटेवर गाड्याच गाड्या. शिकायचं कोणाले सुचते? गावात एक पंतोजी होते, दक्षिणेकडून आलेले, एकटाच जीव, मारुतीच्या देवळात शिकवत. कापूस फुटला की पोट्टे वेचायले जात अन शाळा रिकामी. मंग पंतोजी जे कोणी असन त्याले सोंगं करून दाखवत. उपरणं डोक्यावर घेतलं की म्हातारी, कमरेले बांधलं की शिपाई, आमी हसून हसून लोळू. मले तवा मिसरूड फुटली होती, शाळा सुटली होती, तरी वावरातून येताना पाय तठीच वळत.

पंतोजीनं आपल्या मुलखात नाटक पायलं होतं. म्हणत, आपल्या गावानंबी करावं. राजा, राणी अन त्याईचं मेलेलं लेकरू, असं आख्यान त्याईनं स्वतः रचलं अन राणी केलं मले. मी म्हणलं, मीच काहून? तर म्हणे, तुया आवाजात ओल हाय.

बापाले कळलं अन झालं. म्हणे, वेचायले माणूस भेटून नाही रायलं अन तू लुगडं नेसतं? नेसलं तर माया घराची पायरी चढू नको. मी रडलो, पण हटलो नाही. मंग पंतोजी स्वतः आमच्या वावरात आले, कापसातून चालत. बापाले म्हणे, काढा पोराले घराबाहेर, मी आडवा येत नाही, पण आंदी एक डाव पाहा अन मंग काढा.

सांजच्या पारी खळ्यात खेळ लागला. बाप आला, गाडीले टेकून उभा रायला. मी लुगडं नेसून, लेकरू मांडीवर घेऊन बसलो, म्हणलं, ऊठ रे बाळा, ऊठ, अन माई नजर गेली बापाकडं. पुढचे शबूद सारे गेले. पंतोजी बाजूले सूत्रधार होते, हळूच म्हणे, घाई करू नको, रडू दे. कोणाले, ते कळलं मले. बाप खाली मातीत बसला होता अन मोठ्यानं म्हणे, गणू, माया गणू. कोणी हसलं नाही. घरी गेल्यावर बाप एवढंच बोलला, जेवून घे.

पुढच्या हंगामात पंतोजी तापानं पडले. अकोल्याले त्याईची बहीण दिलेली होती. बापानं भरलेली गाडी रिकामी केली, कापूस तसाच उघड्यावर टाकला, गाडीत गादी घातली अन पंतोजीले स्वतः अकोल्याले नेलं. मी उशाशी बसलो होतो. वाटेत पंतोजी म्हणे, राणीचं बोलून दाखव. मी बोललो. म्हणे, आता लुगडं नसलं तरी चालते तुले. तिथंच बहिणीकडं चार दिवसानं गेले बिचारे.

बाप पुढं लय वर्सं जगला. गणूचं नाव घेऊ लागला, मायशी त्याच्या गोष्टी करू लागला. मी तेच आख्यान गावोगावच्या पोट्ट्याईले शिकवलं, अंजनगावापावतर लोकं बोलवत. आता दात गेले, ओल काय रायली नाही आवाजात. पण संध्याकाळी पोट्टे येतात, आबा सांगा म्हणतात, अन मी सांगतो. तुमी एवढं बसून ऐकलं, तुमच्या लेकराबाळाले देव सुखी ठेवो. थोडं थांबा, चुलीवर भाकर हाय, खाऊनच जा.