ताईच्या घरचा फोन

दातांच्या दवाखान्यात माझ्यासमोर शिवणकाम करणाऱ्या एक मावशी बसल्या होत्या. सोबतच्या शेजारणीने त्यांना विचारलं,

"परदेशातल्या ताईंशी आता रोज बोलता म्हणे? बिल नाही येत?"

"सुनेनं शोधून काढलं. ताईकडे अजून तो जुना लँडलाइन. मोबाइलला ती हात लावायची नाही, मग ती फुकटातली अ‍ॅप काय कामाची? आणि लँडलाइनचा दर ऐकला की डोळे पांढरे व्हायचे."

"मग?"

"मग ही पोरगी हटून बसली. दिसेल त्या कंपनीला विचारून भंडावून सोडलं. शेवटी मिळालं एक पॅक. तिकडच्या लँडलाइनवर महिनाभर हवं तेवढं बोला. आमच्या चिरंजीवांना इतक्या वर्षांत सुचलं नाही."

"गुणाची आहे हो सून."

"आहेच. आधी आम्ही घड्याळाकडे बघत बोलायचो. बरी आहेस ना, बरी आहे, ठेव. आता फोन स्पीकरवर टाकून मशीनशेजारी ठेवते. ती तिकडे भाजी चिरते, मी इकडे शिवते."

"आणि एवढं बोलता तरी काय?"

"बोलतो कुठं? तिची सुरी चाललेली ऐकते. काल तर तिला बसल्या बसल्या डोळा लागला. लहानपणापासून घोरते बया. मी मशीन बंद केलं आणि हातानं काजं करत बसले."

"अहो, मग फोन ठेवायचा ना."

"कशाला ठेवू? लग्न होऊन गेल्यापासून पहिल्यांदाच माझ्या खोलीत झोपली होती ती."