अंकलना कोण अडवणार?

दुपारी मी सिंगापुरात, पुंगोलच्या आमच्या फ्लॅटमध्ये कपडे वाळत घालत होते, तेव्हा हे गेल्याचा फोन ऑफिसातून आला. भेटायला येणाऱ्यांना मी मात्र आदल्या रविवारचाच किस्सा सांगते.

लेकाच्या कॉलेजची फुटबॉल टीम. सीझनआधी तिची बचावफळी जोखायचं काम दरवर्षी ह्यांचं. त्या दिवशी ढेरी सावरत चौघांना चकवून ह्यांनी गोल केला आणि माझ्याकडे येऊन म्हणाले, "बचाव कसला, नुसती चाळण आहे!"

"अहो, अंकल म्हणून वाट देतात ती पोरं!"

लेक हसला आणि इथल्या पोरांसारखा शेवटी 'ला' लावत म्हणाला, "बाबा, अंकलना कोण टॅकल करणार, ला?"

हे तडक पोरांकडे वळले. "पुढच्या रविवारी मी अंकल नाही. बिनधास्त अडवा!"

पोरं हो म्हणाली. ह्यांना अडवायचं राहूनच गेलं.