किल्लीवाल्यांची उरलेली फीत

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे केंद्रसंचालक. व्यासपीठावरचे दोन्ही पाहुणे. आजचे सत्कारमूर्ती, ज्यांना आपण सगळे किल्लीवाले म्हणतो. त्यांच्या शेजारी बसलेल्या आमच्या वहिनी. कॅमेरा, ध्वनी, मेकअप, संकलन अशा सगळ्या विभागांतले सहकारी. आणि खुर्च्या संपल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले मित्रहो,

निरोपाच्या दिवशी माणसाबद्दल चांगलं बोलायचं असतं. मीही बोलणार आहे, फक्त जरा वळसा घेऊन. कारण या गृहस्थांमुळे गेली कित्येक वर्षं माझ्या पोटात दुखतंय, आणि उद्यापासून ते ऑफिसात दिसणार नाहीत. आज नाही बोलले तर कधी बोलणार?

नव्या मंडळींसाठी सांगते. त्या काळी आपल्याकडे कार्यक्रम यायचे आणि जायचे. बाहुल्या हवामान सांगायच्या, आठवतंय? एक निवृत्त न्यायाधीश शेजाऱ्यांची भांडणं सोडवायचे. दुसऱ्याच आठवड्यात स्टुडिओत खरीखुरी मारामारी झाली आणि गाशा गुंडाळला. त्याच सुमाराला यांनी ‘किल्ली हरवली’ ही मालिका केली. रस्त्याकडेचा एक किल्ल्या बनवणारा, आणि दर आठवड्याला किल्ली हरवलेलं एक माणूस. बस, एवढंच. जेमतेम दीड महिना चालली. मग कुठलेसे सामने आले, वेळ गेली, मालिका गेली. सामने संपल्यावर ती वेळ मिळाली माझ्या ‘सुखाचा शेजार’ला. ती नऊ वर्षं चालली.

नऊ वर्षं, मंडळी. आणि मला साधं टोपणनावसुद्धा पडलं नाही.

मागे मी दात दाखवायला गेले होते. डॉक्टरांचे दोन्ही हात माझ्या तोंडात, आणि ते विचारतात, “तुम्ही त्याच केंद्रावर ना, जिथे ते ‘किल्ली हरवली’ झालं होतं? काय मालिका होती हो!” मी काय बोलणार? तोंड उघडं, आणि बोलायची सोय नाही. घरी आले तर माझी सख्खी मुलगी मैत्रिणीला फोनवर तीच मालिका रंगवून सांगत होती. ही पोरगी तेव्हा जन्मालासुद्धा आली नव्हती. मी म्हटलं, “अगं, तू पाहिलीस कधी?” तर म्हणते, “आई, ती सगळ्यांनी पाहिलीय.” अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्यात आळही माझ्यावरच. तेव्हा फिती महाग, म्हणून प्रक्षेपण झालं की फीत पुसायची आणि पुढच्या कार्यक्रमाला द्यायची, ही केंद्राची रीत. यांच्या फिती माझ्या मालिकेला मिळाल्या. नियम केंद्राचा, पण लोक आजही माझ्याकडे असं बघतात, जसं काही मीच खोडरबर घेऊन बसले होते. यांचं काम कुणाला दाखवता येत नाही, म्हणून ते दर वर्षी आणखी चांगलं होतं. पुढे फिती स्वस्त झाल्या, म्हणून माझं सगळं जपून ठेवलंय. कुणीही बघावं आणि नाक मुरडावं.

आणि स्वतः हे गृहस्थ? मी एकदा कँटीनमध्ये मुद्दाम समोर जाऊन बसले. म्हटलं, “माझी मालिका बघता का कधी?” चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, “आमच्याकडे ती जेवायची वेळ.” हसू नका, किल्लीवाले. तुम्ही नऊ वर्षं जेवत होतात का?

आता मुद्द्यावर येते. या समारंभासाठी जुनं काही सापडतंय का, म्हणून फितींच्या खोलीतल्या बाईंनी सगळी कपाटं उपसली. गेल्या सोमवारी त्यांनी एक फीत माझ्या हातात ठेवली, कारण वर नाव माझ्या मालिकेचं होतं. माझा भाग यांच्या भागापेक्षा आखूड असायचा, मधे जाहिराती असत ना. आम्ही दोघींनी फीत लावली, तर माझी नामावली संपली, पडद्यावर मुंग्या आल्या, आणि त्यातून ‘किल्ली हरवली’च्या एका भागाचा शेवटचा तुकडा वर आला. पुसायचा राहून गेलेला.

आठवडाभर ती फीत माझ्या पर्समध्ये आहे. आत्ताही आहे. बाई आणि मी सोडून कुणालाच माहीत नाही. माझा बेत होता की आज इथे पडद्यावर ती लावायची. कारण मी पाहिलीय. दुकानाची भिंत पुठ्ठ्याची आहे, कानस घासताना हलते. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या म्हाताऱ्याची मिशी एका बाजूने सुटलीय. आणि तो प्रसंग, जो तुम्ही सगळे डोळे पुसत सांगता, घर पाडलं गेलेला म्हातारा किल्ली करून घ्यायला येतो आणि म्हणतो, “दार राहिलं नाही हो, नुसती खिशात हवी.” मंडळी, ते वाक्य त्यात नाहीच. म्हातारा विचारतो, “किती वेळ लागेल?” आणि बाकावर बसतो. संपलं.

मला किती आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी ते परत परत लावून पाहिलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की ते वाक्य तुम्ही घातलंय. कुणीतरी घरी सांगताना घातलं, दुसऱ्याने पुढे नेलं. म्हातारा नुसता बसला, आणि बघणाऱ्याला वाटलं, याला काहीतरी बोलायचंय. माझ्या मालिकेत सगळी पात्रं सगळं बोलायची. नऊ वर्षांत कुणाला त्यात एक शब्द घालावासा वाटला नाही. खरं जळते मी ते यावर.

तेव्हा फीत मी लावणार नाही. मी आत्ता सांगितलेलं तुम्ही उद्या विसराल, आणि ते वाक्य तसंच सांगत राहाल. खुशाल सांगा.

किल्लीवाले, ही घ्या, ही तुमची. बोलण्याच्या ओघात कमी-जास्त शब्द गेला असेल तर आपण आणि वहिनींनी मोठ्या मनाने पोटात घालावा. सभागृहाने ऐकून घेतलं, अध्यक्षांनी घंटी वाजवली नाही, सगळ्यांची मी आभारी आहे.

फक्त एक. तुमचा तुकडा अगदी शेवटी आहे. त्याआधी माझा एक अख्खा भाग आहे. तो पुढे पळवू नका. जेवण आटोपून बसा, आणि कसा वाटला ते मला कळवा.