बाकावरची मधली जागा

२००९ च्या मे महिन्यात कोल्हापूर स्टँडवर कागलच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर आई, बाप आणि दोघांच्या मधी पोरगी.

"अक्षता, तुझ्या बाबांस्नी विचार, शुक्रवारी तुला बघायला पावणं येणार हायत, आणि आज बेंगलोरला जा म्हणून ह्यांनी सांगितलंच कसं?"

"आईला सांग, तिथल्या प्रयोगशाळेतला प्रयोग तुझा हाय, माझा न्हाय."

"चार दिवस झाले, तुमचे निरोप इकडनं तिकडं करतीया मी. आई, मूळ पेशींपासनं मेंदूच्या पेशी वाढवल्यात आम्ही. दिवसाआड त्यांना खायला घालावं लागतंय, उद्यापासनं माझी पाळी हाय. दोन महिने जपल्यावर आत्ता कुठं एकमेकींशी बोलाय लागल्यात."

"एकमेकींना चिकटून बोलत्यात व्हय?"

"न्हाय गं. मधी बारीक फट असती. एक पेशी रसायन सोडती, दुसरी ते घेती. नीट पोचतंय का, ते तपासायचं काम माझं."

"आणि दुसरीनं घेतलंच न्हाय तर?"

"तर पहिलीचं वाया जातंय."

"हे तुझ्या बाबांस्नी ऐकव की."

"आईला सांग, मी भैरा न्हाय."

"माझी गाडी लागली. आता तुमचं तुम्ही बघा."

बेंगलोरची गाडी निघून गेली. मधली जागा रिकामी झाली, तरी दोघांपैकी कुणी सरकलं नाही. बऱ्याच वेळानं आई समोरच्या फलाटाकडं बघत म्हणाली,

"कुणाला च्या पायजे का?"

बापानंही फलाटाकडंच बघत सांगितलं,

"साखर कमी असली तर चालंल."