हातभर सरकलेला दगड

—न्हाई, आधी दार लावून घ्या केदारनाथ वकील, मग बोलतो. मल्लिनाथाला बाहेर बाकावर बसवलं ना? कमी ऐकू येतं म्हणतो तो, पर कामाचं सगळं ऐकू येतं त्याला. तुमी मघाशी म्हणलात, "धुळाजी, मी न्यायाधीश न्हाई, मधी बसून तडजोड करणारा हाय, आन् इथं सांगितलेलं तुमी हो म्हणल्याबिगर त्या बाकापत्तूर बी जात न्हाई"—खरं ना? वीस वर्सं हेच करता म्हणं. मग ऐका. आमच्या दोघांच्या शेतांमधल्या बांधाचा दगड मीच सरकवला. हातभर. त्याच्या शेतात.

पेन कावून खाली ठिवला? बरं केलं, लिवूच नका. दोन वर्सं कोर्टात मी न्हाईच म्हणत आलो—न्हाई, तसं बी न्हाई. त्याच्या वकिलानं इचारलं, दगड काय पायानं चालत गेला का? मी म्हणलं, दगडाला पाय नसतेत सायेब. ह्यात खोटं काय हाय?

जमिनीसाठी न्हाई हो. हातभर जागेत माझी एक मेंढी बी धड बसायची न्हाई. तीस वर्सं उन्हाळ्यात माझा कळप त्याच्याच शेतात बसतो, लेंड्यांचं खत त्याला, दाणागोटा मला. माणूस लई बोलका—उमापुरात किराणा दुकान, साखरंला गेलेलं गिऱ्हाईक तासभर सुटायचं न्हाई. आन् त्याची बायको, शांतादेवी वहिनी गेल्या तसा गप झाला. दुकान बंद. शेतात येऊन लिंबाखाली बसायचा, सून ईश्वरी डबा धाडायची, डबा तसाच माघारी. मी जवळ बसलो, तंबाखू पुढं केली—नजर बी वर न्हाई. दोन महिने. मला समजूत घालता येत न्हाई सायेब, मला मेंढ्या कळतात. बसून ऱ्हायलेली मेंढी गोंजारून उठत न्हाई, चिमटा काढावा लागतो. म्हणून दगड.

दुसऱ्या दिवशी आला धोतर खोचून—"धुळ्या, चोर हायेस का बे?" काय सांगू, कानाला इतकं गोड लागलं. त्या दिवशी डबा रिकामा गेलता, ईश्वरीनंच सांगितलं. मला वाटलं चार दिवस भांडंल. त्यानं गेवराईला जाऊन दावाच ठोकला.

आता तुमचा कागद. दगड जागेवर, दावा मागं, दोघांच्या सह्या. दगडाचं काय, आजच ठिवतो. पर सध्या कसं हाय—तारीख जवळ आली की आठ दिवस दुकान उघडून गिऱ्हाइकापुढं माझी निंदा करतो, दाव्याचे कागद लावतो, दाढी करतो. सही झाली आन् पुन्हा लिंबाखाली गप बसला तर? मी आता दुसरं काय सरकवू?

मला काय पायजे म्हणता? मग लिवा. दगड जुन्या जागी. पर दर अमावस्येला दोघांनी मिळून दोरीनं तो मोजायचा, आन् मोजून झाल्यावर दोघांनी तिथंच जेवायचं. कारण लिवा—धुळाजीचा भरवसा न्हाई. एवढं वाचलं की लगेच सही करंल बघा. आन् ही अट तुमच्या डोक्यातली म्हणून सांगा.

बोलवा आता. मी जरा तुमच्यावर वरडीन, मनावर घेऊ नका.

—या, मल्लिनाथशेठ, या. सायेब, तुमाला एकदा सांगितलं, असल्या अपमानाच्या कागदावर मी सही करत न्हाई.